मेक्सिकोचं लोकनृत्य शिकायचंय आणि व्हिडिओही टाकायचाय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची कथकची. गेली काही वर्षं मेक्सिकोतल्या शिक्षकांकडे तिथली लोकनृत्यं शिकते आहे आणि त्याचे व्हिडिओ टाकते. त्यामुळे पुण्या-मुंबईतून, ग्वादालाहारा किंवा केरेतारोला आयटीतल्या नोकरीनिमित्त गेलेल्या मराठी कुटुंबांतून आणि अमेरिकेत मेक्सिकन शेजार असलेल्यांकडून सतत विचारणा होते. बरेचसे प्रश्न तेच तेच असतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत.

मेक्सिकोचं लोकनृत्य म्हणजे नेमकं कोणतं?

एक नाहीच. आपल्याकडे लावणी, कोळीनृत्य, धनगरी गजा आणि तारपा यांना एकाच नावाखाली बसवता येत नाही, तसंच तिथेही आहे. पश्चिमेला हालिस्को राज्यात मारियाची या वादकवृंदाच्या साथीने रंगीत रिबिनींचे मोठे घेर फिरतात. आखाताच्या किनाऱ्यावर वेराक्रूसमध्ये पांढरेशुभ्र कपडे, आर्पा हे हार्पच्या जातीचं उभं तंतुवाद्य, हाराना नावाची छोटी गिटार आणि लाकडी पाटावर वाजणारे पाय. मिचोआकानमध्ये पुरेपेचा लोकांचं ‘म्हाताऱ्यांचं नृत्य’ आहे. त्यात लाकडी मुखवटे घातलेली तरुण मुलं काठी टेकत, खोकत, कंबर धरत येतात आणि बघता बघता पायांचा असा कडकडाट करतात की बघणारा चाट पडतो. वाहाकाचं वेगळं, उत्तरेकडच्या सोनोराचं वेगळं.

म्हणून ‘मला मेक्सिकन डान्स शिकायचाय’ असं म्हणण्याआधी वेगवेगळ्या राज्यांचे व्हिडिओ बघा आणि त्यातलं एक निवडा. शिक्षकही पहिला प्रश्न हाच विचारतील.

नवख्याने कुठून सुरुवात करावी?

माझं मत विचाराल तर वेराक्रूसपासून. या परंपरेला सोन हारोचो म्हणतात. यात वेशभूषेचा पसारा कमी, एकट्याने सराव करता येतो आणि पाय लवकर तयार होतात. हालिस्कोत पहिल्या दिवसापासून घागरा सांभाळावा लागतो आणि हाराबे तापातियोला जोडीदार लागतो.

हाराबे तापातियो म्हणजे टोपीभोवतीचा नाच ना? त्याला ‘राष्ट्रीय नृत्य’ का म्हणतात?

हो, तोच. चार्रो पोशाखातला घोडेस्वार आणि चिना पोब्लाना वेशातली तरुणी. तो आर्जव करतो, ती टाळते. मग तो आपली रुंद टोपी जमिनीवर टाकतो आणि दोघं तिच्याभोवती नाचतात. ती टोपी उचलायला वाकते तेव्हा तो तिच्यावरून पाय फिरवून घेतो. शेवटी सूर जुळतो.

आज शाळेच्या पटांगणात नाचला जाणारा हा प्रकार एकेकाळी सरकारच्या डोळ्यात खुपत होता. स्पॅनिश राजवटीत 1802 साली व्हाइसरॉयने ‘हाराबे गातुनो’ या त्याच्या एका भावंडावर अश्लील म्हणून बंदी घातली होती. बंदीने नाच थांबला नाही. स्वातंत्र्यलढ्यानंतर हाराबे उलट मेक्सिकन असल्याची खूण बनला. वेगवेगळ्या चालींची जी माळ आज आपण ऐकतो, ती बांधण्याचं श्रेय ग्वादालाहाराच्या हेसूस गोन्सालेस रुबिओ यांना दिलं जातं. ते एकोणिसाव्या शतकातले संगीतकार.

मग 1919 मध्ये रशियन बॅलेरिना अ‍ॅना पावलोवा मेक्सिकोत आली आणि तिने हाराबे चक्क पायाच्या अंगठ्यांवर उभं राहून, बॅलेच्या बुटांत केला. तिथल्या उच्चभ्रूंनी तोवर गावंढळ समजलेला नाच एकदम रंगमंचाच्या लायकीचा ठरला. (हीच पावलोवा चार वर्षांनी उदय शंकर यांना घेऊन राधा-कृष्णावरची रचना करते. उदय शंकर त्याआधी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकलेले. या दोन गोष्टी मी नेहमी एकत्र सांगते, कारण आपल्या आणि त्यांच्या नृत्याचा आधुनिक इतिहास एकाच बाईच्या दौऱ्यांतून गेला आहे.) क्रांतीनंतरच्या सरकारने 1920 च्या दशकात हाराबे देशभरच्या शाळांत शिकवायला घेतला. पिढ्यान्‌पिढ्या मुलं तो शाळेत शिकली, म्हणून तो सगळ्यांचा झाला.

चिना पोब्लाना ही भारतीय मुलगी होती असं वाचलं. खरं का?

अर्धं खरं, आणि ते अर्धंही विलक्षण आहे.

सतराव्या शतकात पुएब्ला शहरात कातारिना दे सान हुआन नावाची एक स्त्री राहत होती. तिच्या चरित्रकारांनी लिहिलंय की ती मुघलांच्या मुलखात जन्मली. पोर्तुगीज चाच्यांनी तिला लहानपणी पळवलं, कोचीनला नेलं, तिथून मनिलाच्या गुलामबाजारात आणि मग गलबतावरून पॅसिफिक ओलांडून मेक्सिकोच्या किनाऱ्यावर. तिचं मूळ नाव मिर्रा असं दिलेलं आहे. पुएब्लात ती धर्मपरायण, साक्षात्कारी बाई म्हणून प्रसिद्ध झाली आणि 1688 च्या जानेवारीत वारली. आशियातून आलेल्या कुणालाही तिथे त्या काळी सरसकट ‘चिनो’ किंवा ‘चिना’ म्हणत.

पुढे लोकांनी तिची गाठ त्या चमचमत्या वेशाशी बांधली. टिकल्या लावलेला घागरा, भरतकामाची चोळीवजा ब्लाउज, खांद्यावरून रेबोसो नावाची ओढणी हे सगळं बघून आपल्यालाही चटकन पटतं. पण तो वेश एकोणिसाव्या शतकातल्या मेक्सिकोतल्या शहरी बायकांचा आहे आणि कातारिना अतिशय साधे कपडे घालत असे. तेव्हा ‘हा घागरा भारतातून गेला’ असं व्हिडिओखाली ठोकून देऊ नका. तिची स्वतःची कहाणी सांगा. गुलाम म्हणून नेलेली ती मुलगी त्या शहराच्या स्मरणात अजून आहे, यापेक्षा मोठा दुवा आपल्याला कशाला हवा?

मी कथक किंवा भरतनाट्यम शिकले आहे. फायदा होईल का?

तालाला नक्की होईल. पायांना थोडा त्रास होईल.

कथकात अनवाणी पाय सपाट पडतो आणि घुंगरू त्याचा नाद वाढवतात. इथे घुंगरू नाहीत. बुटाची टाच आणि चवडा यांचे दोन वेगळे आवाज काढायचे असतात आणि ते स्वच्छ वेगळे ऐकू यायला हवेत. या पदन्यासाला सापातेआदो म्हणतात. गुडघा किंचित सैल, वजन पुढे, वरचं अंग शांत. कथकवाले पहिले काही आठवडे पाय फार उंच उचलतात आणि फार जोरात आपटतात. आवाज घोट्यातून काढायचा, मांडीतून नव्हे.

तालाचं मात्र आपल्याला बाळकडूच आहे. मूळ पाऊल उजवा-डावा-उजवा, डावा-उजवा-डावा असं तीन-तीनचं आहे, म्हणजे दादऱ्याच्या सहा मात्रा. गंमत पुढे आहे. याच सहा मात्रा मेक्सिकोत क्षणात तीन-तीन अशा, तर क्षणात दोन-दोन-दोन अशा मोजल्या जातात, आणि कितीदा तर गिटार एका हिशेबाने आणि पाय दुसऱ्या हिशेबाने चालतात. घरी करून बघा: तोंडाने एक-दोन-तीन-चार-पाच-सहा म्हणा आणि टाळी मात्र एक, तीन, पाचवर द्या. हे न अडखळता जमलं की अर्धा गड सर झाला.

आणि बोलही आहेत! वेराक्रूसमध्ये एक मूलभूत पाऊल ‘का-फे-कोन-पान’ असं म्हणत शिकवतात, म्हणजे कॉफी आणि पाव. पढंत करायची सवय असलेल्याला हे ऐकून घरी आल्यासारखं वाटतं.

पन्नाशी उलटली आहे. जमेल?

जमेल. वेराक्रूसच्या फान्दांगोत, म्हणजे गावच्या रात्रभर चालणाऱ्या गाण्या-नाचण्याच्या मेळ्यात, आज्या आणि नाती एकाच पाटावर नाचतात. गुडघ्याचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि फरशीवर अजिबात नाचू नका.

फरशीवर का नको? घरात दुसरं काय असतं?

टाइल किंवा शहाबादी फरशीखाली काँक्रीट असतं. ते जराही दबत नाही, सगळा धक्का नडगी आणि गुडघ्यात येतो. शिवाय फरशीला आवाज नाही. वेराक्रूसमध्ये तारिमा नावाचा पोकळ लाकडी पाट असतो आणि तो वाद्य मानला जातो. नाचणारी बाई त्या वेळी तालवाद्य वाजवत असते, तिची गणना वादकांत होते.

घरगुती तारिमा सुताराकडून सहज होतो. आठ बाय चार फुटी प्लायवूडचा अर्धा तुकडा, म्हणजे चार बाय चार, जाडी 18 मिलिमीटर. खाली चारी कडांना आणि मधोमध दोन-तीन इंची लाकडी पट्ट्या, म्हणजे आत पोकळी राहील. एका बाजूच्या पट्टीला आवाज बाहेर पडायला दोन भोकं पाडायची. पाटाखाली रबरी चटई घाला, नाहीतर खालच्या मजल्यावरचे लोक सोसायटीच्या मीटिंगमध्ये तुमचा विषय काढतील. सरावाची वेळही त्यांच्याशी बोलून ठरवा. आमच्या इमारतीत संध्याकाळी सहा ते सात ठरली आहे आणि खालच्या काकू आता स्वतःहून विचारतात, ‘आज वाजलं नाही ते?’

बूट कुठले?

मेक्सिकोत बायकांच्या नाचाच्या बुटांना टाचेखाली आणि चवड्याखाली छोट्या खिळ्यांचा थर ठोकलेला असतो. पुरुषांचे घोट्यापर्यंतचे बोतिन असतात. सुरुवातीला हे मागवायची गरज नाही. पट्ट्याने पायाला घट्ट बसणारा, दीड-दोन इंची रुंद टाचेचा, कडक तळव्याचा बूट चालतो. बारीक टाच नको, रबरी तळवा नको. पाऊल स्वच्छ पडायला लागलं की चपला-बूट दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून खिळे मारून घ्या. ते लाकडावरच वापरा, गुळगुळीत टाइलवर पाय सटकतो.

नवरात्रातला घागरा चालेल का?

दिसायला जवळचा वाटतो, पण हातात धरला की कळतं. आपला कळ्यांचा घागरा गिरकीत फुलावा म्हणून शिवलेला असतो. हालिस्कोचा घागरा हातांनी उडवायचा असतो. त्याच्या कडा धरून हात डोक्यावर नेले तरी कापड खांद्यापासून घोट्यापर्यंत पुरलं पाहिजे, म्हणून तो पूर्ण गोल, कित्येकदा दुहेरी गोल असतो. आरसे आणि जरीचं वजन त्याला झेपत नाही, मनगटं भरून येतात.

सरावासाठी सुती पॉपलिनचा साधा गोल घागरा टेलरकडून शिवून घ्या. कमरेला रुंद पट्टा, उंची घोट्यापर्यंत. घागरा खेळवण्याला फाल्देओ म्हणतात आणि त्यात एक गोष्ट कुणी पटकन सांगत नाही: कापड बोटांच्या चिमटीत धरायचं नाही. मूठ सैल ठेवून, अंगठा वर, कडेपासून वीतभर आत धरायचं आणि झटका कोपरातून द्यायचा. कडेला धरलं की कापड लोंबतं, आत धरलं की त्याला पंख फुटतात.

शिक्षक ऑनलाइन कसे शोधू? वेळ जुळते का?

वेळ सुदैवाने छान जुळते. मेक्सिकोने 2022 मध्ये उन्हाळी वेळ बंद केली, तेव्हापासून मध्य मेक्सिको आणि भारत यांत बारमाही साडेअकरा तासांचं अंतर आहे. तिथले संध्याकाळचे सात म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसहा.

शोधताना नावं स्पॅनिश स्पेलिंगने टाका. हाराबे, हालिस्को, हाराना यांतला ‘ह’ रोमन लिपीत ‘जे’ अक्षराने लिहितात. इंग्रजीत ‘टोपीचा नाच’ म्हणून शोधलंत तर वाढदिवसाच्या पार्टीतली थट्टा हाती लागेल.

क्लास झूमवर असेल तर पहिल्याच दिवशी दोन्ही बाजूंनी ‘ओरिजिनल साउंड’ चालू करा. झूम पायांचा आवाज खडखडाट समजून गाळून टाकतं. मग शिक्षकांना तुमचे पाय दिसतात पण ऐकू येत नाहीत, आणि या नाचात ऐकू न येणारा पाय तपासता येत नाही. आवाज काही क्षण उशिरा पोचतोच, म्हणून शिक्षकांबरोबर एकाच वेळी नाचण्याचा हट्ट सोडा. त्यांनी दाखवायचं, थांबायचं, मग तुम्ही करून दाखवायचं.

व्हिडिओ कसा काढू? सगळ्यांचे व्हिडिओ सारखेच दिसतात.

सारखेच दिसतात, कारण चेहरा दिसतो, घागरा दिसतो, वरून गाणं चिकटवलेलं असतं आणि पाय मुके असतात. माझा सगळा आग्रह इथेच आहे. पाय दिसू द्या आणि त्याहून जास्त ऐकू येऊ द्या.

दोन फोन घ्या. एकाने चित्र, दुसऱ्याने फक्त आवाज. आवाजाचा फोन पाटापासून दोन-तीन फुटांवर, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा. पाटावर ठेवलात तर नुसती गुरगुर रेकॉर्ड होते. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा, म्हणजे एडिटिंगमध्ये चित्र आणि आवाज जुळवता येतात. गाणं समोरच्या स्पीकरवर मोठ्याने लावू नका, कानात इअरबड घाला आणि गाणं नंतर पायांच्या आवाजाखाली हलकं मिसळा.

चित्राचा फोन कमरेच्या उंचीवर, आठ-दहा फूट लांब. रुंद कोनाची लेन्स वापरू नका, कडेला पाय ताणलेले दिसतात. फ्रेम सेकंदाला 60 ठेवा, भरभर पडणारा पाय 30 वर पुसट होतो. पांढरा हारोचो वेश पांढऱ्या भिंतीसमोर विरघळून जातो. मागे गडद चादर लावा आणि एक्स्पोजर थोडं खाली आणून लॉक करा, नाहीतर घागऱ्याच्या झालरी नुसता पांढरा डाग होतात.

उभा व्हिडिओ की आडवा?

हालिस्को आडवाच. दोन्ही हात पसरल्यावर घागरा उभ्या फ्रेममध्ये मावत नाही, कापला जातो. वेराक्रूसचा एकट्याचा पदन्यास उभ्यात चांगला दिसतो. टिकटॉक भारतात 2020 पासून बंद आहे, म्हणून इथून रील्स आणि शॉर्ट्स हेच मार्ग. शॉर्ट्स आता तीन मिनिटांपर्यंत चालतो, तेवढ्यात एक पूर्ण कडवं बसतं.

पूर्ण कडवं का? सोन हारोचोत गायक गायला लागला की नाचणारे पाय हलके करतात, शब्द ऐकू यावेत म्हणून. गाणं थांबून वाद्यं पुढे आली की पाय कडाडतात. फक्त कडाडणारा तुकडा कापून टाकलात तर ही देवाणघेवाणच दिसत नाही, आणि जाणकाराची नजर तिथेच जाते.

गाणं लावलं की कॉपीराइटचा इशारा येतो. चाल तर पारंपरिक आहे!

चाल पारंपरिक असली तरी तुम्ही लावलेलं रेकॉर्डिंग कुणाच्या तरी मालकीचं असतं. यूट्यूबची यंत्रणा रेकॉर्डिंग ओळखते. बहुतेक वेळा जाहिरातीचे पैसे मालकाकडे जातात, कधी व्हिडिओ काही देशांत बंद होतो. इन्स्टाग्रामवर बिझनेस अकाउंटला गाण्यांचा संग्रह मर्यादित मिळतो. उत्तम मार्ग म्हणजे ओळखीच्या वादकाकडून चाल वाजवून घ्या, किंवा काही व्हिडिओ फक्त पायांच्या आवाजाचे करा. गाणं नसताना सापातेआदो कसा वाजतो हे ऐकायला लोक थांबतात.

खाली काय लिहू?

राज्याचं नाव, त्या रचनेचं नाव, कुणाकडून शिकलात आणि रचना कुणाची. शिक्षकांची परवानगी घ्या. ‘पारंपरिक’ म्हणून मिरवणाऱ्या कित्येक रचना एखाद्या माणसाने बसवलेल्या असतात. वाहाकाच्या गेलागेत्सा उत्सवातलं प्रसिद्ध अननसाचं नृत्य 1958 मध्ये पाउलिना सोलिस ओकाम्पो या शिक्षिकेने बांधलं. आमालिया एर्नान्देस यांनी 1952 मध्ये सुरू केलेल्या बाले फोल्क्लोरिको दे मेहिको या संस्थेने तर गावच्या नाचांना भव्य रंगमंचीय रूप दिलं. ते देखणं आहे, पण ते आमालियाबाईंचं आहे. गावात असं सगळे एका ओळीत, एका मापात नाचत नाहीत. तुम्ही यातलं काय सादर करताय ते प्रेक्षकाला कळू द्या.

लावणीशी फ्यूजन करू का?

दोन्ही नीट येत असतील तर करा. एक येत असेल तर नको. आणि करायचंच तर आधी एक, मग दुसरं, असं शेजारी शेजारी ठेवा. ढोलकीला आणि हारानाला आपापलं बोलू द्या.

कुठले नाच टाकूच नयेत?

सोनोरातल्या याकी लोकांचं हरणाचं नृत्य. डोक्यावर हरणाचं शीर, पोटऱ्यांना कोशांच्या खुळखुळ्यांच्या माळा. दिसायला थरारक आहे, पण ते त्यांचं धर्मकार्य आहे. रंगमंचावर होतं म्हणून रीलसाठी उचलू नये. आणि नकली मिशा चिकटवून, ढगळ टोपी घालून केलेला ‘मेक्सिकन’ आव तर कुठेच नको. त्यापेक्षा साध्या सरावाच्या कपड्यांत टाका, तिथल्या लोकांना ते जास्त आवडतं.

मुलीचा व्हिडिओ टाकायचा आहे, वय नऊ.

तुमच्या अकाउंटवरून टाका. शाळेचा गणवेश, सोसायटीची पाटी, क्लासची वेळ फ्रेममध्ये येऊ देऊ नका. यूट्यूबवर ‘मुलांसाठी’ अशी खूण केली की कमेंट आपोआप बंद होतात. मुळात तिला विचारा. नको म्हणाली तर आजी-आजोबांच्या ग्रुपवर पाठवा आणि विषय संपवा.

व्ह्यूज येत नाहीत. काय करू?

शीर्षक स्पॅनिशमध्येही द्या, कारण हे शोधणारे बहुतेक लोक त्या भाषेत शोधतात. मेक्सिकोतल्या संध्याकाळी टाका. आणि कमेंट वाचा. वेराक्रूसच्या एका बाईंनी माझ्या एका व्हिडिओखाली लिहिलं होतं की दुसऱ्या कडव्यात तुमची उजवी टाच उशिरा पडते. त्या एका ओळीवर मी बराच काळ सराव केला. अशी कमेंट आली तर उत्तर द्या, आभार माना, आणि दुरुस्त केलेला व्हिडिओ त्याच व्यक्तीला टॅग करून पुन्हा टाका.